वाणाशी विसंगत

"नापास," फाब्री म्हणाला आणि कागद सलामीच्या, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या कापांच्या, ताटलीशेजारी ठेवला. "काका, मला मनापासून वाईट वाटतं."

क्विंतोने कागद चष्म्याशिवाय पाहिला, मग चष्मा लावून पाहिला. दोन्ही वेळा तेच दिसलं. शेरा दोन शब्दांचा होता : वाणाशी विसंगत.

"म्हणजे काय?"

"म्हणजे वाइन उत्तम आहे. स्वच्छ आहे, निरोगी आहे. फक्त ती स्कुरेत्तासारखी लागत नाही."

स्कुरेत्ता हे द्राक्षाचं नाव. त्याच्या वेली इटलीतल्या रोमान्याच्या डोंगरात एकाच उतारावर उरल्या होत्या आणि तो उतार क्विंतो रावाइओलीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असे. नऊ ओळी. क्विंतो आणि त्याची बायको इओले द्राक्षं हाताने तोडत, पायांनी तुडवत आणि रस लाकडी पिंपात दोन हिवाळे मुरू देत. जगात दुसरं कोणीही स्कुरेत्ता करत नव्हतं. तरीही क्विंतोची स्कुरेत्ता स्कुरेत्तासारखी नाही, असं पाच जणांच्या समितीने एकमताने ठरवलं होतं. वाइनशास्त्रात डॉक्टरेट केलेला फाब्री त्या समितीचा अध्यक्ष.

ही नापास व्हायची दुसरी खेप. आधी प्रश्नच आला नव्हता, कारण क्विंतो वाइन सुटी विकायचा आणि सुट्या वाइनला कोणी नाव विचारत नाही. बाटल्या भरायला लागला तसं नाव लागलं, आणि नाव लागलं तशी दरवर्षी नमुना तपासणारी समिती लागली. शेवटचा नमुना मंगळवारपर्यंत द्यायचा होता. तोही नापास झाला तर वाणाचं नाव सरकारी यादीतून जाणार. मग बाटलीवर 'तांबडी वाइन' एवढंच लिहायचं. सगळ्या दरीने जुन्या वेली उपटून भरघोस पिकणारी सांजोवेझे लावली, तेव्हा क्विंतोच्या बापाने शिव्या खात या नऊ ओळी ठेवल्या होत्या. क्विंतो एक्याऐंशीचा. मूलबाळ नाही. मागे राहिलं तर ते नावच राहणार होतं.

फाब्रीने तिसरा पेला संपवला आणि चौथ्यासाठी पुढे केला.

"अप्रतिम," तो म्हणाला. "ही स्कुरेत्ता असती तर काय बहार आली असती!"

"अरे, स्कुरेत्ताच आहे ती!"

"ते समिती ठरवते, काका."

"मग समितीला ती लागायला कशी हवी?"

फाब्रीने डोळे मिटले आणि वर्णन तोंडपाठ म्हणून दाखवलं. पिकलेली चेरी. व्हायोलेटची फुलं. मखमली स्पर्श. शेवटाला किंचित गोडवा.

"गोडवा?" क्विंतो उभाच राहिला. "ही प्यायल्यावर तोंड असं आवळायचं की माझ्या बापाला पाच मिनिटं शिट्टी वाजवता यायची नाही! कोणा गाढवाने लिहिलंय हे?"

"मी," फाब्री म्हणाला. "सोळा वर्षांपूर्वी, वाणाची नोंद झाली तेव्हा. तुम्हीच पाठवलेल्या बाटलीवरून."

चुलीपाशी इओले रोट्या भाजत होती. ती वळली.

"कुठली बाटली? हिरवी? बुचावर दोरी गुंडाळलेली?"

"तीच, काकू."

"ती माझ्या भावाकडची होती."

दोघांनी माना तिच्याकडे वळवल्या. तव्यावरची रोटी करपायला लागली, ती इओलेने उलटली.

"असं काय बघता? हा म्हणाला, शहरातल्या शिकलेल्या लोकांना आपली एक बाटली पाठव. तपासायला हवीय असं बोलला का? मला वाटलं, भेट द्यायचीय. परक्या माणसांना काय ही घसा खरवडणारी पाठवायची? आमच्याकडे सपाटीवर पाहुण्याला नेहमी गोडच देतात. घराण्याची अब्रू असते काहीतरी."

"सोळा वर्षं बोलली नाहीस?" क्विंतो म्हणाला.

"सोळा वर्षं विचारलंस?"

क्विंतो आधी लाल झाला. मग हसायला लागला. इतका, की त्याला पुन्हा बसावं लागलं. मग त्याने कागद आणि पेन फाब्रीपुढे सरकवलं.

"सुटलो! लिही, डॉक्टर, लिही. वाइन बरोबर, वर्णन चूक. खाली सही कर आणि जेवायला बस."

फाब्रीने पेन हातात घेतलं. लिहिलं मात्र नाही. ते वर्णन राजपत्रात छापलेलं होतं. त्यावर दोन प्रबंध झाले होते, पर्यटन खात्याची पत्रकं निघाली होती आणि समितीचं अध्यक्षपदही, खरं सांगायचं तर, त्याच्याच जोरावर मिळालं होतं.

"काका," तो म्हणाला, "राजपत्रातलं वर्णन बदलायला अर्ज लागतो, आयोग लागतो, दोन मंत्रालयांच्या सह्या लागतात. घाई केली तर बारा वर्षं."

क्विंतोने मनात बेरीज केली. त्र्याण्णव येत होते. त्याचं हसू ओसरलं.

फाब्रीने पेनाला टोपण लावलं.

"काकू, तुमचे बंधू अजून वाइन करतात?"

"करतो की. का?"

"मंगळवारपर्यंत एक बाटली मागवा. क्विंतोकाकांच्या नावाने द्या."

"म्हणजे," क्विंतो सावकाश म्हणाला, "माझी वाइन माझ्या नावाने विकायला मी मेव्हण्याची वाइन पास करून घ्यायची?"

"वर्षातून एकच दिवस, काका," फाब्री पेला पुढे करत म्हणाला. "उरलेले तीनशे चौसष्ट दिवस अस्सल स्कुरेत्ता विका."