पाटे

"अजून एक काढ," जीवराम म्हणाला.

हिलाल मिस्तरी पिकअपखाली उताणा पडला होता. तो तिथूनच बोलला, "भाऊ, आता काढला तं गाडी वळणावर डोलेल. मंग केळीचा माल कसा न्याल?"

"माल नाही न्यायचा."

सावद्याची केळी धुळ्याला न्यायची, गाडी मागे बसायला नको, म्हणून जीवरामनंच स्प्रिंगचे हे जादा पाटे घालून घेतले होते. पण अशी ताठ गाडी रिकामी धावली की खड्ड्याखड्ड्याला उसळते. बायकोला, पार्वताबाईला, जळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्याला ते कळलं. ॲम्बुलन्सची अरुंद फळी तिला सोसत नव्हती, म्हणून पिकअपमध्येच गादी अंथरली होती. रोग मणक्यात उतरला होता. आता काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. वाटेत ती ओरडली नाही. पदराचा बोळा तोंडात धरून पडून राहिली. घरी उतरवताना बोळ्याला रक्त दिसलं.

त्यानंतर तिनं एकच गोष्ट मागितली. भडगावला, भावाच्या घरी जायचं.

हिलालनं पाटा काढला, शॉकअप नवे टाकले. जीवराम मागे गादीवर कुशीवर झोपला, पाय पोटाशी घेतले. ती झोपायची तसा. "चालव," तो म्हणाला.

रेल्वे फाटकापर्यंत गाडी गेली आणि आली. जीवराम उठून बसला. "कंबरेत लागतंय."

हिलालनं थोडा विचार केला. मग वाळूची पोती आणून गादीच्या दोन्ही अंगांना नीट रचली. "वजन असलं म्हंजे उसळत नाही."

पुन्हा फाटकापर्यंत. या वेळी जीवरामनं डोळे मिटून घेतले. रूळ कधी आले ते त्याला कळलंच नाही. गाडी थांबली तरी तो लगेच उठला नाही. कितीतरी दिवसांनी त्याच्या मनासारखं काही झालं होतं.

सकाळी शेजारचे चौघं आले. चादरीची चार टोकं चौघांनी धरली. गाडी दाराला लावलेली होती, मागचा फाळका पाडलेला होता. चादर खाटेवरून जेमतेम वीतभर उचलली गेली असेल, तोच पार्वताबाईच्या तोंडून आवाज निघाला. माणसाचा वाटू नये असा. चौघांनी तिला तशीच खाली ठेवली. एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जीवराम खाटेशी बसला. "थोडं थांबून पुन्हा उचलू. एकदा गाडीत गेलीस की काही कळणार नाही तुला. मी झोपून पाहिलंय."

तिनं नकारार्थी मान हलवली. श्वास जागेवर यायला बराच वेळ गेला.

"गाडी चांगली झाली?"

"झाली."

"मंग तुमी जाऊन या. दादा दारात बसला असंन."

फोन करून सांगता आलं असतं. पण ती त्याच्याकडे बघत होती. शेजारच्या बाईला तिच्याजवळ बसवून जीवराम उठला.

दुपारी गाडी भडगावात शिरली. तिचा दादा, रुपचंद, खरंच दारातच होता. ओसरीवर खाट टाकून, धुतलेली गोधडी अंथरून ठेवली होती. गाडी दिसताच तो उठला आणि चपला न घालताच धावत आला. जीवरामच्या खिडकीशी थांबला नाही, सरळ मागे गेला.

जीवराम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. फाळका पडल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग काहीच ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळानं रुपचंदनं फाळका वर घेतला आणि हळूच, खटका वाजू न देता, लावला.