चालवलं की बरं होतं

गौतमीनं घंटीची दोरी ओढली आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "गाडी थांबवा, उतरायचंय." त्यांचं गाव न्हावरं अजून चार किलोमीटर होतं. ती आणि महेंद्र उतरून रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले. गाडीतल्या बायका खिडकीतून वाकून बघत होत्या.

"काय झालं गं?" एकीनं विचारलं.

"मला कसंतरी व्हतंय," गौतमी म्हणाली. "जीव घाबराघुबरा झालाय. तुम्ही व्हा म्होरं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं की महेंद्रच्या बायकोला घाबरं होतं.

हे २००१ सालचं. महेंद्र तेव्हा रांजणगावच्या एका कंपनीची बस चालवायचा. सकाळी चाळीस माणसं बसमध्ये चढायची आणि मागं डोकं टेकून झोपायची. त्या पगारावर घर चालत होतं. त्या महिन्यात झटका आणखी तीनदा आला. हे थांबलं नाही तर घर बसणार, हे नवराबायको दोघांनाही कळत होतं.

गौतमीचं माहेर दौंडचं, म्हणून ते तिकडच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. मग दोघांना समोर बसवलं.

"हृदय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "ही भीती आहे. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, आता जीव जातो असं वाटतं. पण त्यानं जीव जात नाही. थोडे दिवस गोळी देतो. खरं औषध पळणं. पळताना छाती धडधडते, घाम येतो. रोज तसं होऊ द्या. सवय झाली की शरीर घाबरायचं सोडतं. मधेच झटका आला तर बसायचं नाही. चालायचं आणि मोठ्यानं आकडे मोजायचे."

पट्टी पाकिटात घालून त्यांनी ती पुढे केली. "आणि घरी सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही."

महेंद्र खाली बघत होता.

"मी सांगते घरी," गौतमी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून महेंद्र कामावरून आला की दोघं पाटाच्या रस्त्यानं पळायला लागले. गौतमी साडी खोचायची. पायात महेंद्रचे जुने कॅनव्हासचे बूट, पुढं चिंध्या कोंबलेले.

शेजारचे हौसराव आप्पा ओट्यावर बसलेले असायचे. "काय रं महेंदर, बायको पळाली व्हय?"

"पळाली, पर नवऱ्याला घिऊन पळाली आप्पा," गौतमीच उत्तर द्यायची.

महेंद्रची आई सोजरबाई चुलीपाशी कुरकुरायची. "आमाला घाबरायला येळ नव्हता बया. दिसभर गाडी हाणून आलेलं पोरगं, त्याला आन् पळवायचं."

"त्यांच्याबिगर मी कशी जाऊ आत्या? बाईमाणूस एकटं पळाया लागलं तर लोक काय म्हणतील?"

"आताबी म्हणत्यातच की."

तिसऱ्या आठवड्यात पाटाच्या पुलावर झटका आला. गौतमीनं महेंद्रचा हात धरला आणि मोठ्यानं आकडे म्हणायला लागली. एक, दोन, तीन. दोघं चालत राहिले. ऐंशीला श्वास जागेवर आला. त्या दिवशी सोजरबाईला सुनेच्या मनगटावर नखांच्या खुणा दिसल्या.

"ह्ये काय गं?"

"बाभळ लागली."

पुढं झटके लांबत गेले. आठवड्याला एक, मग महिन्याला एक. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत एवढी गर्दी, एवढे ढोल, तरी दोघं शेवटपर्यंत चालले. काही झालं नाही. घरी आल्यावर गौतमी उंबऱ्यात बसून बराच वेळ रडली. सोजरबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सुटलीस गं बाई."

पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं. बस एक दिवस बंद राहिली नाही. पळणं मात्र दोघांनी सोडलं नाही.

मग एका सोमवारी सकाळी बस दारात उभी होती. माणसं चढत होती. गौतमी डबा घेऊन आली आणि अंगणातच खाली बसली. तिचा चेहरा घामानं भिजला होता. ती डावा हात दाबत होती.

"आलं बघ तिचं परत," सोजरबाई म्हणाली. "बसू दिऊ नको. उठव तिला."

हौसराव आप्पा कुंपणाशी आले. "डागदरनं काय सांगितलंय? चालवायचं. चालव तिला महेंदर. घाबऱ्यानं काय मानूस मरत न्हाई."

बसच्या खिडक्यांतून सगळे बघत होते.

गौतमीनं महेंद्रकडे पाहिलं. "अहो, ह्ये तसलं न्हाई. मला दवाखान्यात न्या."

महेंद्रचं तोंड उघडलं. त्यानं बसकडे पाहिलं. मग त्यानं तिला काखेत हात घालून उठवलं.

"चल," तो म्हणाला. "मोजू."

अंगणात त्यांनी फेऱ्या घातल्या. ती बसायची, तो उठवायचा. बसमधून कोणी तरी म्हणालं, "सावकाश वहिनी, आम्हाला काय घाई न्हाई." असं पाऊण तास चाललं. मग एका फेरीत तिचे पाय चाललेच नाहीत.

त्याच बसमध्ये घालून तिला शिरूरला नेलं. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. तो आतून बाहेर आला तेव्हा बसमधली माणसं व्हरांड्यात उभी होती.

"त्या गेल्या. हृदयविकाराचा झटका होता," तो म्हणाला. "लगेच का नाही आणलं?"

"तिला घाबऱ्याचा आजार व्हता साहेब," सोजरबाई रडत म्हणाली. "चालवलं की बरं व्हायचं. म्हून चालवत व्हतो."

डॉक्टर महेंद्रकडे वळला. "किती वर्षं होता त्यांना तो आजार?"

महेंद्रनं व्हरांड्यातल्या माणसांकडे पाहिलं.

"तिला नव्हता," महेंद्र म्हणाला. "मला हाय."