सातवी फांदी

चोसेईने पिशवीतून जास्वंदीची फांदी काढली, तेव्हा त्याची वहिनी उतो मुद्दाम समुद्राकडे बघत बसली.

ओकिनावातला, एप्रिलमधला पूर्वजांच्या जेवणाचा दिवस. घराण्याच्या थडग्यापुढे चटया अंथरून झाल्या होत्या. डुकराचं मटण आणि तळलेला तोफू आधी थडग्याच्या आतल्यांना, म्हणजे पूर्वजांना दाखवून झाला, मग बाहेरच्यांनी आडवा हात मारला. आता मंडळी पांगली होती. उरले तिघंच: चोसेई, उतो आणि नव्वदीची कामादो आत्या.

थडग्याच्या कडेला जास्वंद लालभडक फुलली होती. हे परलोकाचं फूल, जुनी माणसं दारात लावत नाहीत. या घराची रीत अशी, की जो समुद्रावरून परतला नाही त्याच्या नावाने इथे एक फांदी रोवायची. तिला फूल आलं की तो पोचला म्हणायचं आणि त्याचं नाव आतल्यांत घ्यायचं. उतोचा मुलगा सेइगो सात वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला होता. आजवर सहा फांद्या लावून झाल्या आणि सहाही वाळल्या.

"अख्ख्या ओकिनावात उकिरड्यावर फेकली तरी जास्वंद रुजते," आत्या म्हणाली. "गावातली कुंपणं सगळी तुझ्या हातची, आणि इथेच कसा रे हात चुकतो तुझा?"

चोसेईचे कान लाल झाले. चाळीस वर्षं तो हाच माळीकामाचा धंदा करत होता.

"पोरगं सात वर्षं बाहेर ताटकळलंय," आत्या पुढे म्हणाली. "उतो, चहा दे गं थोडा."

"संपला, आत्या."

चटई सरकवायला म्हणून चोसेईने थर्मास उचलला. तो चांगला जड होता. त्याने तो पुन्हा वहिनीच्या गुडघ्यापाशी ठेवला.

मग त्याने गेल्या वर्षीची वाळकी काडी उपटली आणि उन्हात धरली. कीड नव्हती, बुरशी नव्हती. नख लावलं तर बुडाची साल उकडल्यासारखी अख्खी सुटून आली. फरशीच्या फटीतलं गवत मारायला तो स्वतः दर आठवड्याला किटलीभर उकळतं पाणी ओतायचा. त्या पाण्याचे शिंतोडे उडून रोपांची अशी सुटलेली साल त्याला नवी नव्हती. दर वर्षी सगळे पायऱ्या उतरले तरी आवराआवर करायला वहिनी मागे राहायची, तेही त्याला आठवलं. त्याला आधी राग आला, मग त्याने वहिनीकडे पाहिलं.

उतोने एकदाच मान वर केली. तिला पकडलं गेल्याची भीती नव्हती. फूल आलं की सेइगो मेला, एवढीच तिची भीती होती. घरी त्याचं अंथरूण ती अजून दर रविवारी उन्हात घालायची.

"काय झालं होतं रे तिला?" आत्याने विचारलं.

"माती," चोसेई म्हणाला. "इथली मातीच वाईट आहे."

"मग यंदा?"

"यंदा लावतो नीट."

त्याने खड्डा केला. फांदीचं बूड नेहमीप्रमाणे तिरकं कापलेलं होतं आणि शेंडा सरळ, म्हणजे लावताना घोटाळा नको. हाताखालच्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी हेच शिकवायचा. त्याने फांदी हातात फिरवली आणि शेंडा खड्ड्यात घातला. माती ओढली, दाबली, ओंजळभर पाणीही घातलं. तिरकं कापलेलं बूड आभाळाकडे तोंड करून उभं राहिलं.

आत्याच्या अधू नजरेला फांदीची नुसती रेघ दिसत होती. "सुलटी लावलीस ना?"

"चाळीस वर्षं हेच करतोय, आत्या."

उतो त्या बुडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने थर्मासचं झाकण फिरवलं. वाफ आली. तिने आत्याचा पेला भरला, चोसेईचा भरला, उरलेला स्वतःला ओतला आणि थर्मास उपडा करून शेवटचा थेंबसुद्धा पेल्यात झटकला.

"घ्या भावोजी," ती म्हणाली. "यंदा सगळा संपवूया."