मूळ गंजाचा पंप

जुन्या पेट्रोलपंपांच्या शौकिनांच्या मंडळाचे अध्यक्ष खोलीच्या दारातच थबकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पंप काही बदलला नाही. तो नखशिखान्त चंदेरीच होता.

सगळी गल्ली ज्यांना पंपवाले म्हणायची, त्या यजमानांना घेरी यायची तेवढी राहिली. अंगणातले पंप त्यांनी स्वतः घासूनपुसून, रंगवून नवे केले होते. हा मात्र मूळ रंगाचा, मूळ गंजाचा. त्याच्यावरचा एकेक डाग त्यांना तोंडपाठ. त्याच्यासाठी मागची खोली कायम कुलपात. गुडघे आखडलेल्या आपल्या आईसाठी बायकोने ती खोली मागितली, की ते म्हणत, "पंप हलवला तर गंजाच्या खपल्या पडतील. तुझ्या आईच्या पडणार आहेत का?"

अध्यक्षांना आणायला ते आदल्या दिवशी परगावी गेले, तेव्हा झाडून ठेव म्हणून किल्ली बायकोकडे देऊन गेले होते.

"हे काय केलंस?"

"मोठे पाहुणे येणार म्हणालात ना," बायको ओले हात पुसत म्हणाली. "फार कळकट दिसत होता हो. खिडकीच्या गजांना दिला त्यातला रंग उरला होता, म्हटलं दोन हात मारावेत. तुम्ही म्हणता तेच खरं, मला यातलं काही कळत नाही."

अध्यक्षांनी चहासुद्धा घेतला नाही. "आता हाही अंगणातच उभा करा," एवढं म्हणून ते चपला घालू लागले.

पंप अंगणात गेला. त्या जागी खाट आली, खाटेवर सासूबाई आल्या. पंपवाल्यांनी बायकोला चकार शब्दाने दुखावलं नाही. भाबडी आहे बिचारी, तिच्याशी काय भांडायचं, असं म्हणून त्यांनी तिला मोठ्या मनाने माफही करून टाकलं.

त्याच मोठ्या मनाने ते सासूबाईंची पेटी उचलून खोलीपर्यंत आले. आत सासूबाई खिडकीच्या गजावरून बोट फिरवत होत्या. बोट गंजाने तांबडं झालं होतं.

"डब्यातल्या उरल्यासुरल्या रंगाने हे गज तेवढे आजच रंगवून टाक गं बाई," त्या लेकीला हळूच म्हणाल्या. "म्हणजे जावईबापूंशी खोटं बोलल्यासारखं व्हायचं नाही."