दुसरा कान

रेवाचा डावा कान जन्मापासूनच अर्धवट आहे. येणारा-जाणारा सांगतो, केस वाढव, म्हणजे झाकला जाईल. एकटा हर्षल म्हणायचा, "काही झाकायचं नाही. माझी पोर आहे तशीच देखणी आहे." नवऱ्याच्या त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

हर्षल कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल घडवतो. रेवाच्या दुसऱ्या वाढदिवसाला त्यानं तिची वीतभर मूर्ती प्रिंट करून आणली. धुळ्याहून आलेल्या सासूबाई तर हरखूनच गेल्या. "दखा, कितली भारी दिसी ऱ्हायनी मनी नात!"

मूर्तीचे दोन्ही कान पूर्ण होते.

मी हर्षलला स्वयंपाकघरात गाठलं.

"अगं, चेहरा करताना सिमेट्री चालू असते ना," तो घाईघाईनं म्हणाला. "एका बाजूला जे करू, ते दुसऱ्या बाजूला आपोआप होतं. शेवटपर्यंत बंद करायची राहूनच गेली बघ."

मला हायसं वाटलं. बाहेर येऊन मी मूर्ती पहिल्यांदाच हातात घेऊन नीट पाहिली.

 

रेवाच्या उजव्या गालावरचा तीळ मूर्तीवरही होता, फक्त उजव्याच गालावर.