वाघाच्या तोंडी

मालगुजारीची जमीनदारी गेली, तरी मुखरू पाटलाचे बैल शाळेच्या खोलीतच बांधलेले असत. पोरं बाहेर चिंचेखाली पाढे म्हणत. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून चांद्याहून आलेल्या गुरुजींनी कादंबरी लिहिली. तिच्यातल्या दुष्ट पाटलाला मुखरू पाटलासारख्याच मिशा दिल्या. मग अख्ख्या गावाला पारावर बसवून ती वाचली आणि शेवटच्या पानावर दुष्टाला वाघाच्या तोंडी दिलं.

सगळ्यांनी वळून मुखरू पाटलाकडे पाहिलं. घाव बरोबर बसला, असं वाटून गुरुजी गालात हसले.

"मंग त्याची शिळा कुठी मांडली?" म्हाताऱ्या इंदिराबाईनं विचारलं.

"कसली शिळा?"

"वाघानं नेलेल्या माणसाचा आपल्या इथी देव होते, गुरुजी. शेंदूर लावा लागते, नारळ फोडा लागते. अन् तुमच्या गोष्टीतल्या चांगल्या माणसाले काय भेटलं?"

"सुखाचं म्हातारपण."

"म्हणजे काईच नाई."

मुखरू पाटील मिशांवरून हात फिरवत उठले. गुरुजींसमोर येऊन त्यांनी मनापासून हात जोडले.



"लई उपकार झाले, गुरुजी. आता देवाचे बैल शाळेतून कोण काढन?"