ड्रमशिवाय

सोलापूरच्या त्या जुन्या रॉक बँडची नवी गाणी आली आणि ती लोकांना ऐकवायला बँडवाले नुसत्या दोन गिटार घेऊन बसले. त्याचा व्हिडिओ आल्यापासून चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला होता.

"ड्रम न्हाय तर मजा न्हाय," बाळूनं लिहिलं.

"उलट आता कुठे शब्द ऐकू येतायत. इतकी वर्षं नुसता दणदणाट होता," उत्कर्षानं उत्तर दिलं. तिच्या मेसेजला पटापट अंगठे मिळाले.

बँड सुरू झाल्यापासून त्यात ड्रम वाजवणारा गुफरान घरी बसून हे वाचत होता. तेवढ्यात बाळूनं थेट त्यालाच विचारलं, "गुफरानभाई, तुमीच सांगा की. ड्रम काढायचं कुणी ठरवलं?"

गुफराननं लिहिलं, "आम्ही सगळ्यांनी मिळून."

शेजारी बसलेल्या यास्मीननं ते वाचलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

"सगळ्यांनी कधी ठरवलं? तुमाला कुणी विचारलं तरी का?"

गुफराननं फोन उपडा ठेवला.



"विचारलं की. आत्ता, बाळूनं."